ठिपकेवाल्यांची जोडी

डॉक्टरांना मीठ कळलं नव्हतं, हे सगळ्यात आधी लिहून टाकते. नावापुढे पदव्यांची अक्षरं, हिंगोलीत जोरात चालणारा दवाखाना, दारात पांढरी गाडी. पण पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, एवढी साधी गोष्ट त्या माणसाला उमगली नाही आणि तेवढ्यापायी टाकीभर मासे मेले. माझी आई दुसरीतून शाळा सुटलेली. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "वरण आटलं तर आपण काय घालतो, पाणी का मीठ?" विषय संपला. आता मी शाळेत बाष्पीभवन शिकवते तेव्हा आईचंच वाक्य वापरते, आणि दर वर्षी ते वापरताना डॉक्टरांचा राग नव्यानं येतो. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा काही निवला नाही, आणि मला तो निववायचाही नाही.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, काचेचं आणि फोटोफ्रेमचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराची रस्त्याकडची खोली. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, त्यामुळे माझ्या लहानपणाचे आवाज सगळे काचेचे आहेत. काच कापायचा हिरा काचेवरून ओढला की कर्रर्र, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग टक्. त्या मधल्या क्षणात घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. फ्रेम ठोकताना अप्पा बारीक खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचे, म्हणून दिवसातला निम्मा वेळ त्यांना बोलताच यायचं नाही. आई म्हणायची, बरं साधलंय ह्यांना. गिऱ्हाईक भाव पाडून मागो की उलटसुलट बोलो, अप्पा तसंच तोंड मिटून मान हलवायचे. हळदीच्या दिवसांत सगळ्या गावाला शिजल्या हळदीचा वास असायचा. आमच्या घरात त्यात काच चिकटवायच्या सिलिकॉनचा आंबट वास मिसळायचा, कारण अप्पा माशांच्या टाक्याही करायचे. गावात तसं काम करणारा तेव्हा दुसरा कुणी नव्हता.

डॉक्टरांची टाकी अप्पांनीच केली होती. चार फूट लांब, जाड काचेची, एका थेंबाची गळती नाही. डॉक्टर लहान मुलांचे. रडणारी लेकरं टाकीसमोर बसवली की गप्प व्हायची. त्यांच्या मेव्हण्यानं मुंबईहून समुद्रातले मासे पाठवले, खास मिठाच्या पिशव्या पाठवल्या, पाणी फिरवायची यंत्रं पाठवली. टाकीतलं पाणी खाली गेलं की मिठाचं पाणी करून भर, असा कंपाउंडरला हुकूम होता. आता हिंगोलीचा उन्हाळा. दर दोन दिवसांनी पाणी खाली, दर दोन दिवसांनी वर मीठ. मासे एकामागून एक उलटे व्हायला लागले. शेवटी डॉक्टरांनी अप्पांना बोलावलं आणि बाकांवर बसलेल्या पेशंटांसमोर सांगितलं, की हे घेऊन जा, वास मारतोय. काच तुझ्या कामाला येईल, मासे नालीत टाक. अप्पा त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे होते. तरी 'तू'. आणि हे शब्द वाचणाऱ्यानं नीट लक्षात ठेवावेत: नालीत टाक.

हातगाड्यावरून टाकी आमच्या घरी आली, सोबत यंत्रं, उरलेल्या मिठाच्या पिशव्या, पाण्याचे डबे, आणि एका डब्यात अजून जिवंत असलेले दोन मासे. बोटभर लांब, चंदेरी, अंगावर तीन काळे उभे पट्टे आणि सगळीकडे पांढरे ठिपके, पंख लांब आणि झुलते. आईनं त्यांचं नाव ठिपकेवाले ठेवलं. टाकीबरोबर एक इंग्रजी पुस्तकही आलं, ज्याचं प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा डॉक्टरांनी काढलेलं नव्हतं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय प्राणिशास्त्र. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली; गल्लीतल्या मुलींतही पहिलीच. ते पुस्तक मी डिक्शनरी मांडीवर घेऊन आठ दिवसांत वाचून काढलं. त्यातून कळलं, की टाकी आटली की वर साधं पाणी घालायचं असतं, आणि ह्या माशाचं नाव कार्डिनल. नर कोण आणि मादी कोण हे वरून ओळखता येत नाही. दोन नर एकत्र राहिले तर एक दुसऱ्याला मारतो. आणि सगळ्यात आश्चर्याची गोष्ट ही, की मादी अंडी देते, पण ती तोंडात धरून सांभाळतो तो नर. जवळजवळ महिनाभर. तेवढे दिवस तो एक घास खात नाही.

तेव्हा भारनियमन इतकं, की वीज कधी जाईल ह्यापेक्षा कधी येईल हेच विचारायचं. वीज गेली की पाणी फिरवणारं यंत्र बंद, आणि मासे वर येऊन तोंड वासायला लागायचे. मग आई स्टूलावर बसायची, प्लास्टिकचा मग टाकीत बुडवायची आणि वरून धार धरून पाणी परत सोडायची, पुन्हा भरायची, पुन्हा सोडायची. हात दुखला की मी बसायचे. दुपारच्या भाकरी-ठेच्याची वेळ टळून जायची, पण धार तुटू द्यायची नाही. उन्हाळ्यात टाकीभोवती ओली पोती. सिद्धेश्वरच्या धरणावरून मासळी विकायला येणारी एक बाई होती, ती बारीक झिंगे माझ्यासाठी वेगळे पानात बांधून आणायची. आमच्या घरात मासे शिजत नव्हते, तरी आई ते झिंगे स्वतः सोलून, चिरून द्यायची आणि मग हात राखेनं तीन वेळा धुवायची. आज पोरं मोबाइलवर समुद्राचा तळ बघतात. बघू देत. पण समुद्रापासून इतक्या लांब, तसल्या विजेवर दोन जीव धरून ठेवायचे म्हणजे काय, ते मोबाइलवर दिसत नाही.

आमचे ते दोघं नरच निघाले. एकानं दुसऱ्याच्या शेपटीच्या चिंध्या केल्या. पुस्तकात लिहिलं होतं, की जोडी आपण लावायची नसते. पाच-सहा मासे एकत्र सोडायचे आणि त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. मी शिकवणीच्या पैशांतून मुंबईहून चार मासे मागवले. थर्माकोलच्या पेटीत, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, रात्रभर गचके खात आले, चारही जिवंत. महिनाभरातच नवीन आलेल्यांतली एक आपल्या जुन्या दोघांतल्या एका नराला चिकटली. दोघं शेजारी शेजारी तरंगायचे, अंग थरथरवायचे, आणि बाकीच्यांना कोपऱ्यात दाबायचे. त्यात दोन मेले. उरलेले दोन मरू नयेत म्हणून अप्पांनी दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांची दुसरी टाकी केली. एक बाजू निळसर, एक साधी, आणि पुढची बाजू न्हाणीघराच्या दाराला लावतात त्या नक्षीच्या काचेची. तिच्यातून मासे नुसते हलणारे डाग दिसायचे. अप्पांना मी हसले. ते म्हणाले, "जीव तर ऱ्हाईल ना."

पहिल्या खेपेला नरानं अंडी तोंडात धरली आणि सगळी गल्ली बघायला आली. काचेवर बोटं, टकटक, लेकरांच्या उड्या. तिसऱ्या दिवशी नराचा जबडा रिकामा. त्यानं सगळी गिळली होती. आई दोन दिवस त्या माशाकडे बघेना. दुसऱ्या खेपेला मी टाकीवर चादर टाकली, घरात चपला वाजवायची बंदी केली. नराचा खालचा जबडा पिशवीसारखा फुगला होता, मधूनच तो तोंड थोडं उघडून अंडी आतल्या आत फिरवायचा, तेव्हा नारिंगी रंग चमकायचा. मादी त्याच्याभोवती पहाऱ्यावर. आईला तो उपास पुस्तकाशिवाय कळला. ती चादरीचं टोक उचलून रोज एकदा बघायची आणि म्हणायची, "बाप्यानं किती दिसांपासून तोंड बंद ठेवलंय. आमच्या घरी बी एक हाय, पर ह्याच्या तोंडात खिळे." अप्पा समोर खिळे धरूनच हसायचे.

तोवर माझी परीक्षा होऊन निकाल लागला होता आणि मी पुसेगावच्या शाळेत तासिकेवर विज्ञान शिकवायला जात होते. अंडी धरून बारावा दिवस असेल. डॉक्टरांचा कंपाउंडर आपल्या लग्नाचा फोटो फ्रेम करायला आला, चादरीखाली डोकावला आणि दवाखान्यात जाऊन सांगितलं, की मासे जगलेत आणि जोडी झाली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पांढरी गाडी आमच्या दारात. डॉक्टर कधी आमच्या घरात आले नव्हते. बूट न काढता आत आले, चादर सर्रकन ओढली आणि अप्पांना म्हणाले, की वा, जगवलेस की. रविवारी नव्या हॉस्पिटलचं उद्घाटन आहे, मोठे पाहुणे आहेत, टाकी दर्शनी भागात ठेवायची, उद्या संध्याकाळी टेम्पो पाठवतो. म्हणाले, सांभाळायला दिली होती ती बरी सांभाळलीस.

सांभाळायला. अप्पांनी मान हलवली. मी मध्ये पडले. साहेब, नराच्या तोंडात अंडी आहेत, आत्ता हलवलं तर तो गिळेल नाहीतर थुंकेल, पंधरा दिवस थांबा, असं मी नीट, 'अहो-जाहो'नं सांगितलं. डॉक्टर माझ्याशी बोलले नाहीत. अप्पांकडे बघून हसले.

"नराच्या तोंडात? शिकली म्हणायची पोरगी तुझी. आता बाप्यांची बाळंतपणं करायला निघाली."

आणि ते काचेवर गाडीची किल्ली वाजवायला गेले. मी किल्ली आणि काच ह्यांच्यामध्ये माझा तळहात घातला. ती किल्ली हातावर टोचली. फार नाही, पण टोचली. मी म्हणाले, "तुम्ही नालीत टाक म्हणाला होतात." डॉक्टरांनी अप्पांना विचारलं, हिला काय झालं? अप्पा म्हणाले, "लेकरू हाय, साहेब. उद्या टेम्पो पाठवा."

बावीस वर्षांची पदवीधर बाई मी. लेकरू.

संध्याकाळी जेवताना अप्पांनी त्यांची युक्ती सांगितली. ह्या टाकीतली जोडी उचलून नक्षीच्या टाकीत ठेवायची आणि तिकडचे दोन मासे ह्या टाकीत सोडायचे. सगळे एकसारखेच ठिपकेवाले. "त्याहिला कुठं वळखू येतंय? मला बी येत न्हाई." आई म्हणाली, बराबर हाय. मला ते ऐकून डॉक्टरांचा आला नव्हता इतका राग आला. चोरी आपण केली का? टाकून दिलेलं उचललं, वर्षभर हातानं पाणी ओतून जगवलं, आणि आता आपणच लपवाछपवी करायची? मी सांगितलं, की अदलाबदल नाही, काही नाही. उद्या दुपारी मी शाळेतून येते. टेम्पो येईल तेव्हा दारात मी उभी राहीन आणि पंधरा दिवस टाकी हलणार नाही एवढंच सांगीन. आणि पंधरा दिवसांनंतरसुद्धा द्यायची की नाही ते आपण ठरवू. नव्या हॉस्पिटलच्या सगळ्या फ्रेमांचं काम अप्पांना मिळणार होतं, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, नाही मिळालं तर माझी तासिका आहे. अप्पा काहीच बोलले नाहीत. भाकरीचा तुकडा किती वेळ तसाच हातात धरून बसले. त्या गप्प बसण्याला मी होकार समजले, ही माझी चूक.

शनिवारची सकाळची शाळा. परतीच्या एस.टी.त मी वाक्यं जुळवत होते. डॉक्टरांना काय म्हणायचं, कंपाउंडरला काय म्हणायचं, आवाज कुठं चढवायचा नाही. घरी पोचले तर टाकीच्या जागी भिंतीवर ओलीचा चौकोन होता आणि खाली चार ओल्या विटा. मी निघाल्याबरोबर अप्पांनी एस.टी.डी. बूथवरून फोन करून टेम्पो सकाळीच बोलावून घेतला होता. आई चुलीपाशी मान खाली घालून बसलेली. अप्पा दुकानात, ओठांत खिळे. नक्षीच्या काचेमागे दोन डाग शेजारी शेजारी हलत होते. वरून वाकून बघितलं तर नराचा जबडा अजून फुगलेलाच. त्यांनी त्याला जाळीनं धरलंच नव्हतं. दुधाची प्लास्टिकची किटली पाण्यात आडवी बुडवून, तो आपणहून आत येईपर्यंत दोघं नवरा-बायको तासभर हात पाण्यात घालून उभे होते, असं आई नंतर म्हणाली. किटलीच्या तळाशी मात्र सहा-सात नारिंगी अंडी होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. तेवढी थुंकली होती. मी ती तळहातावर घेतली आणि अप्पांसमोर धरली. त्यांनी बघितलं आणि हातोडी खाली ठेवली. मी त्यांच्याशी सतरा दिवस बोलले नाही.

ते सतरा दिवस डॉक्टरांच्या हॉस्पिटलात लोक टाकी बघायला जात होते. दोन नर, एकमेकांचे वैरी, आणि खाली पाटी: समुद्री माशांची दुर्मीळ जोडी. मी एकदा गेले. डॉक्टरांसाठी नाही, त्या दोन मुक्या जिवांसाठी. कंपाउंडरला बाजूला घेऊन सांगितलं, की मीठ घालू नका हो, साधं पाणी घाला. तो चांगला माणूस होता. म्हणाला, "ताई, मला कळते तुमी म्हणता ते. पर साहेबानं जसं सांगितलं तसंच करून राहिलो मी." आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, कुण्या पाहुण्याला ते सांगत होते, की ही जात फार अवघड, पण आपल्याकडे जमली. महिन्याभरात ते दोघंही मेले. डॉक्टरांनी मग गोड्या पाण्यातले लाल मासे आणले.

आणि आमच्या घरी सतराव्या दिवशी सकाळी आई ओरडली. नक्षीची काच आडवी येत होती, म्हणून आम्ही सगळे वरून वाकून बघत होतो. नरानं तोंड उघडलं आणि आतून दाण्याएवढी पिल्लं बाहेर आली. जन्मतःच पट्टे, जन्मतःच पंख, पुरेपूर ठिपकेवाली, जशी काही मोठ्यांना कुणी लहान करून सोडलंय. मी मोजली. एकवीस. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्यात अंड्यांची मागवलेली भुकटी भिजवून बारीक किडे तयार करून ठेवले होते, ते पिल्लांनी त्याच दिवशी खाल्ले. नराला आईनं आपल्या हातानं झिंगा दिला, आणि तो असा तुटून पडला, की आईनं डोळे पुसले.

मी पदर खोचला आणि कॉलेजात आमच्या सरांना सांगायला निघाले. फोटोग्राफरलाही आणायचं होतं. तेव्हा अप्पा दारात आडवे आले. कुणाला सांगू नको, म्हणाले. खरी जोडी डॉक्टरांकडे आहे असं सगळ्या गावाला माहीत आहे. आपल्या घरी पिल्लं निघाली म्हटलं की अदलाबदल उघडी पडते. फोटोग्राफर तर बोलल्याशिवाय राहणारच नाही. फ्रेमांचं काम निम्मं व्हायचं होतं.

तेव्हा मला कळलं, की अप्पांनी काय केलं होतं. मासा वाचवला होता, आणि मी केलेलं काम गाडून टाकलं होतं. मी खूप बोलले. बापाला लेकीनं बोलू नये असं सगळं बोलले. म्हणाले, मी उभी राहणार होते ना, तुम्हाला काही बोलायचंसुद्धा नव्हतं, मग मला न विचारता, माझ्या पाठीमागे हे काहून केलं?

अप्पा उंबऱ्यात खाली बसले. त्या दिवशी त्यांच्या ओठांत खिळे नव्हते.

"तू न्हाई म्हणली असती, हे मला ठाऊक व्हतं, नंदे," ते म्हणाले. "मंग मला तुह्या बाजूनं उभं ऱ्हावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं. अन् ते तू बघितलं असतं."

मी कॉलेजात गेले नाही. फोटो निघाला नाही. पिल्लांतली चौदा मोठी झाली, आणि मी ती एकेक करून परगावी, नाव न सांगता देऊन टाकली. राग मात्र कुठं देऊन टाकता आला नाही. डॉक्टरांवर करायचा तो अर्धा अप्पांवर झाला, आणि अप्पांवर करायचा तो त्यांच्या त्या एका वाक्यानं माझ्याकडेच राहिला.

आता अप्पा नाहीत. डॉक्टरही गेले, त्यांच्यावर वर्तमानपत्रात चांगलं चार कॉलम आलं. म्हणून मी हे लिहिते आहे, आणि साध्या शब्दांत लिहिते आहे, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. हिंगोलीत, काचवाल्याच्या मागच्या खोलीत, समुद्रातल्या माशाची एकवीस पिल्लं जन्माला आली. ती मी, नंदा, बी.एस्सी., माझ्या आईच्या हातांनी आणि माझ्या बापाच्या भीतीनं जगवली. पुरावा माझ्याजवळ नाही. ज्याला खरं वाटत नसेल त्यानं खुशाल मानू नये. पण माझ्यासमोर येऊन तसं म्हणावं.